इटालियन बोलायचंय ना? मग मधली इंग्रजी काढा: उच्चार आणि रोजची वाक्यं, टप्प्याटप्प्याने

इटलीला फिरायला, शिकायला नाहीतर कामाला निघालेल्या आपल्या लोकांच्या इटालियनमध्ये ज्या चुका ऐकू येतात, त्यातल्या बहुतेक इटालियनमुळे होतच नाहीत, त्या इंग्रजीमुळे होतात. रोमन लिपी दिसली की डोळे सवयीने इंग्रजी वाचतात आणि तोंडही इंग्रजी वळणाने चालतं. गंमत म्हणजे त, द, र, डबल अक्षरं, चमच्यातला च हे सगळं आपल्याकडे जन्मापासून आहे, गोऱ्या लोकांना तेच शिकताना घाम फुटतो, आणि आपण ते सोडून मेनू वाचताना 'ब्रुशेटा' म्हणतो.

खाली दिलेला क्रम उलटसुलट करू नका. बरेच जण थेट वाक्यं पाठ करायला घेतात आणि उच्चार 'नंतर बघू' म्हणतात, मग चुकीच्या उच्चारासकट वाक्य तोंडात बसतं आणि ते काढायला दुप्पट वेळ जातो. आधी अक्षरं, मग डबल अक्षरं, मग आघात, आणि मगच वाक्यं.

## तयारी: वही, कान आणि एक नियम

वही साधीच घ्या, पण इटालियन शब्द त्यात देवनागरीत लिहा. 'इंग्रजी वाटेल तसं' रोमनमध्ये लिहून ठेवलेला उच्चार दुसऱ्या दिवशी तुम्हालाच वाचता येत नाही. देवनागरीत लिहिताना एकच कडक नियम: ट, ड, ठ, ॲ, ऑ ही अक्षरं या वहीत येणार नाहीत. टी दिसला की त, डी दिसला की द, ए हे अक्षर दिसलं की आ. पास्टा नाही, पास्ता. रिसोटो नाही, रिझोत्तो. एवढ्या एका नियमाने निम्मं काम होतं, खरंच.

या लेखातल्या खुणा आधी समजून घ्या. च आणि ज मराठीत दोन तऱ्हेचे असतात, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. इथे च म्हणजे कायम चहातला आणि ज म्हणजे कायम जीवनातला. चमच्यातला च मी 'त्स' असा लिहिणार आणि जहाजातला ज 'द्झ' असा. जिथे 'ऽ' आहे तिथे आवाज ताणायचा आणि जोर द्यायचा. अक्षरांची नावं सध्या इंग्रजीतलीच, सी, जी, एच अशी वापरतोय, त्यांची इटालियन नावं शेवटच्या टप्प्यात येतील.

कानासाठी: कुठलाही शब्द वहीत उतरवायच्या आधी एकदा तरी इटालियन माणसाच्या आवाजात ऐका. ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण असतं, इटलीच्या सरकारी रेडिओचे, राईचे, कार्यक्रम आहेत. इंग्रजी यूट्यूबरने सांगितलेला 'इटालियन उच्चार' ऐकू नका, तो त्याच्या तोंडाला जमेल तसा सांगतो आणि आपण त्याची चूक उचलतो.

## टप्पा 1: स्वर, आणि शेवटचा स्वर खायचा नाही

स्वरांची अक्षरं पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ए आणि ओ चे मोकळे आणि बंद असे दोन प्रकार असतात, पण ते भागाभागात बदलतात आणि प्रवाशाचं त्यावाचून काही अडत नाही, त्यामुळे सोडून द्या.

शेवटचा स्वर मात्र सोडायचा नाही. मराठीत 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो, इंग्रजीत शेवटचा ई गायब होतो, ही दोन्ही वळणं एकत्र आली की लोक मास्कार्पोऽने चं 'मास्करपोन' करतात. इटालियनमध्ये शब्दाच्या शेवटचा ई म्हणजे स्पष्ट 'ए'. दोऽवे म्हणजे कुठे, ('डव्ह' नाही), पेर फावोऽरे म्हणजे प्लीज, कार्ने म्हणजे मांस.

सगळ्यात जास्त मार खाणारा शब्द म्हणजे थँक्यू: ग्रात्स्ये. 'ग्राझी' नाही, 'ग्रासियास' तर मुळीच नाही, ते स्पॅनिश. शेवटचा ए ऐकू आलाच पाहिजे.

शेवटचा स्वर खाल्ला तर नुसता उच्चार बिघडत नाही, अर्थही जातो, कारण पुरुष, बाई, एक, अनेक हे सगळं त्या शेवटच्या स्वरातच असतं. रागात्त्सो मुलगा, रागात्त्सा मुलगी, रागात्त्सि मुलं, रागात्त्से मुली. (यातला त्स डबल आहे, ते पुढे येतंय.)

तपासणी: 'दोऽवे, ग्रात्स्ये, कार्ने, फावोऽरे' हे चार शब्द फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना चारही शब्द ए वर संपतायत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: सी, जी आणि त्यांच्यामागे उभा राहणारा एच

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

सी च्या पुढे ई किंवा आय आला तर च, बाकी कुठेही क. जी चंही तसंच, ई किंवा आय पुढे आला तर ज, बाकी ग. चेऽना म्हणजे रात्रीचं जेवण, काऽसा म्हणजे घर. जेलाऽतो म्हणजे आइस्क्रीम, गाऽतो नाही तर गात्तो म्हणजे मांजर.

आता एच. इटालियनमध्ये एच ला स्वतःचा आवाजच नाही. ओतेल म्हणा, हॉटेल नाही. त्याचं काम एकच: सी आणि जी ला ई-आय पासून वाचवणं. म्हणजे सी-एच दिसलं की नेहमी क, जी-एच दिसलं की नेहमी ग. इंग्रजीत सी-एच म्हणजे च, इथे बरोब्बर उलटं, आणि म्हणूनच ब्रुशेटा. त्या शब्दात एस, सी, एच, ई आहे, सी-एच म्हणजे क, मग ब्रुस्केत्ता. तसंच क्यान्ती, झुक्कीऽनि, स्पागेत्ति, लाम्बोर्गीऽनि.

आणि याच्या उलटी युक्ती आयची. सी किंवा जी च्या पुढे आय आणि त्याला लागून आ, ओ, उ आले तर तो आय बहुतेक वेळा मुका असतो, तो फक्त 'इथे च म्हणा', 'इथे ज म्हणा' एवढंच सांगायला उभा असतो. म्हणून चाओ (चिआओ नाही), चाबात्ता, फोकाच्चा, जोवान्नि, पार्मिजाऽनो. बारामतीला ज्या कंपनीची व्हेस्पा आणि ॲपे रिक्षा बनते तिचं नाव आपण पियाजिओ म्हणतो, इटालियन माणूस प्याज्जो म्हणतो, शेवटच्या जी च्या मागचा आय मुका. ॲपे ला तिकडे आऽपे म्हणतात, म्हणजे मधमाशी, आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी.

> सावधान: आयवरच जोर असेल तर तो मुका राहत नाही. फार्माचीऽआ म्हणजे औषधाचं दुकान. फार्माचा म्हटलं तर समोरचा बघत राहील.

तपासणी: 'काप्पुच्चीऽनो' आणि 'ब्रुस्केत्ता' हे दोन्ही शब्द मूळ स्पेलिंगमध्ये कागदावर लिहा आणि प्रत्येक सी वर बोट ठेवून तिथे च आहे का क, आणि तो का, हे सांगा. कारण सांगता आलं तर नियम बसला, नुसता शब्द पाठ असेल तर नवीन मेनूवर परत अडकाल.

## टप्पा 3: चार आवाज जे इंग्रजी वळणाने वाचताना चुकतात पण मराठीत आहेत

जी-एन: 'ग्न' नाही, न्य. न्योक्कि, लाझान्ये, बान्यो (बाथरूम). 'ग्नोची' म्हणणाऱ्याने एका शब्दात दोन्ही टप्पे चुकवले.

जी-एल-आय: ल्य. जीभ टाळूला चिकटवून. ताल्यातेल्ले, आल्यो (लसूण), बिल्येत्तो (तिकीट), फामील्या. यातला ग कुठेच म्हणायचा नाही.

एस-सी: पुढे ई किंवा आय असेल तर श. पेश्शे (मासा), उश्शीऽता (बाहेर पडायचा दरवाजा), प्रोश्शुत्तो. नाहीतर स्क: स्कूऽझि म्हणजे माफ करा. आणि एच आला तर परत स्क, ब्रुस्केत्तासारखं.

झेड: हे आपलं हक्काचं अक्षर. चमच्यातला च किंवा जहाजातला ज, दोन्हीपैकी एक. पित्त्सा, प्यात्त्सा (चौक), स्तात्स्योऽने (स्टेशन), सेन्त्सा (शिवाय, विना), मोत्त्सारेल्ला यात चमच्यातला च. गोर्गोन्द्झोऽला, प्रान्द्झो (दुपारचं जेवण), मेद्द्झो (अर्धा) यात जहाजातला ज. कुठे कुठला ते स्पेलिंगवरून कळत नाही, शब्द ऐकूनच लक्षात ठेवावं लागतं, पण जो माणूस 'चमचा' आणि 'चहा' एका श्वासात नीट म्हणतो त्याला या आवाजाचं काय मोठं? 'पिझ्झा' आपण मराठीत लिहितो ते लिहूदेत, म्हणताना पित्त्सा.

आपली स्वतःची चूक मात्र व आणि फ मध्ये होते. मराठी व ओठांवरून सुटतो, इटालियन व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात: वीऽनो, वोर्रेई. आणि एफ म्हणजे 'फळ' मधला फ नाही, हवा घासत जाणारा, 'फॅन' मधला. र मात्र आपला आहे तसाच ठेवा, खणखणीत.

## टप्पा 4: डबल अक्षरं, जिथे इज्जत जाते

खडा आणि खड्डा यात जो फरक आहे तोच. मराठी माणूस हे दोन शब्द कधी चुकत नाही, पण इटालियन वाचताना इंग्रजी मेंदू चालू असल्यामुळे डबल अक्षर बघून न बघितल्यासारखं करतो, कारण इंग्रजीत 'हॅपी' मध्ये दोन पी असून उच्चार एकाचाच होतो. इटालियनमध्ये दोन दिसले की दोन म्हणायचे, कायम.

आपल्या ओळखीच्या शब्दांतून पकडा: काप्पुच्चीऽनो मधला प्प 'गप्पा' मधला आणि च्च 'कच्चा' मधला, फोर्माज्जो (चीज) मधला ज्ज 'लज्जा' मधला, पेन्ने मधला न्न 'अन्न' मधला. डबलच्या आधीचा स्वर आखूड होतो, सिंगलच्या आधीचा जोर असलेला स्वर लांबतो. काऽसा घर, कास्सा पैसे भरायचा काउंटर. सेऽते तहान, सेत्ते सात. नोऽनो नववा, नोन्नो आजोबा. सोऽनो मी आहे, सोन्नो झोप. कापेल्लो केस, काप्पेल्लो टोपी.

आणि आता जे कोणी क्लासमध्ये मोठ्याने सांगत नाही ते. पेन्ने पास्ता मागताना एक न खाल्लात तर जे तयार होतं ते पुरुषाच्या अवयवाचं नाव आहे. आन्नो म्हणजे वर्ष, आऽनो म्हणजे गुदद्वार. वय सांगताना 'ओ वेन्तिदूऽए आन्नि', माझ्याकडे बावीस वर्षं आहेत, असं म्हणायचं असतं, तिथे न सिंगल केला तर तुमच्याकडे बावीस काय आहेत ते तुम्हीच बघा. नवीन वर्षाच्या शुभेच्छा देताना तर हमखास: ब्वोन आन्नो, न वर थांबून.

> सावधान: उलटी चूकही होते. डबलचं वेड लागलं की लोक सगळंच डबल करतात, जेलात्तो, मिलान्नो. स्पेलिंगमध्ये एक असेल तर एकच.

तपासणी: काऽसा-कास्सा, सेऽते-सेत्ते, नोऽनो-नोन्नो या जोड्या रेकॉर्ड करा आणि वही न बघता दुसऱ्या कोणाला ऐकवा, त्याला इटालियन येत नसलं तरी चालेल, 'यातला खडा कुठला, खड्डा कुठला' एवढंच विचारा. तीनही जोड्या ओळखल्या तर पुढे चला.

## टप्पा 5: जोर कुठे द्यायचा

मराठीत शब्दात जोर कुठे दिला यावरून अर्थ फारसा बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्या उंचीवर म्हणतो. इटालियन माणसाला असं सपाट ऐकू आलं की शब्द ओळखायला वेळ लागतो, उच्चार बरोबर असला तरीही.

साधारण नियम: शेवटून दुसऱ्या अक्षरगटावर जोर. मिलाऽनो, तोरीऽनो, रोऽमा. शेवटच्या स्वरावर जोर असेल तर त्यावर तिरकी रेघ लिहिलेली असते: काफ्फे, चित्ता (शहर), तिरामिसू. हे दोन सोपे.

त्रास देतात ते तिसरे, जोर शेवटून तिसऱ्यावर आणि लिहिताना खूण काही नाही. नाऽपोलि, जेऽनोवा, मोऽदेना, ब्रिन्दिसि, काऽल्यारि, रीऽमिनि. टेबल म्हणजे ताऽवोलो, गाडी म्हणजे माक्किना, शनिवार म्हणजे साऽबातो, लगेच म्हणजे सूऽबितो. आन्कोरा मध्ये 'आन्' वर जोर दिला तर जहाजाचा नांगर आणि 'को' वर दिला तर 'अजून'. यावर युक्ती नाही. नवीन शब्द वहीत लिहिताना जोराची खूण केल्याशिवाय लिहायचाच नाही, हीच सवय. त्रेक्कानी या इटालियन डिक्शनरीत किंवा दुसऱ्या चांगल्या डिक्शनरीत शब्दावर जोर दाखवलेला असतो, तो बघून घ्या. निदान ज्या शहरांत जाणार आहात त्यांची नावं तरी, म्हणजे तिकीट काढताना नीट सांगता येतील.

## टप्पा 6: वाक्यं, मराठीतून थेट

आता कुठे वाक्यं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे मनात मराठी, मग इंग्रजी, मग इटालियन असा दोन गाड्या बदलून प्रवास. पुष्कळ ठिकाणी इटालियनची बांधणी मराठीच्या जवळची आहे आणि इंग्रजीतून गेलं की उगाच बिघडते.

आवडणं. मला पिझ्झा आवडतो: मि प्याऽचे ला पित्त्सा. मला ऑलिव्ह आवडतात: मि प्याच्चोनो ले ओलीऽवे. 'मला' पहिलं, आणि क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून जाणारा 'मी' पासून सुरू करतो आणि अडकतो.

तू आणि आपण. इंग्रजीत सगळ्यांना यू, इटालियनमध्ये तू आणि लेई. लेई म्हणजे आपलं 'आपण', अनोळखी माणूस, दुकानदार, डॉक्टर, पोलीस, वयाने मोठे, सगळ्यांना लेई. माफ करा: मोठ्यांना स्कूऽझि, मित्राला स्कूऽझा. चाओ सगळ्यांना म्हणायचं नसतं, ते ओळखीच्यांसाठी आणि बरोबरीच्यांसाठी. आत शिरताना ब्वोनजोर्नो, संध्याकाळी ब्वोनासेऽरा, निघताना आर्रिवेदेर्चि. ब्वोनानोत्ते फक्त झोपायला जाताना, रेस्टॉरंटमधून निघताना नाही. दुकानात शिरल्यावर ब्वोनजोर्नो न म्हणता थेट 'क्वान्तो कोस्ता' विचारणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, आपल्याकडे चालतं ते तिकडे चालत नाही.

आपलं लिंग. मी थकलो, मी थकले. इटालियनमध्येही सोऽनो स्तान्को, सोऽनो स्तान्का. भाषांतराचं ॲप इंग्रजीतून घेतं त्यामुळे त्याला तुम्ही बाई का पुरुष कळत नाही आणि बरेचदा पुरुषाचंच रूप हातात ठेवतं. बायकांनी ॲपमधून उचललेल्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा स्वर तपासा.

मागणं. वोल्यो म्हणजे 'मला पाहिजे', जरा ठसक्यात. अनोळखी ठिकाणी वोर्रेई, 'मला हवं होतं'. आपणही दुकानात 'अर्धा किलो साखर हवी होती' म्हणतो ना, तेच.

वाट मागणं. गर्दीच्या बसमधून उतरताना किंवा कुणाच्या घरात पाऊल टाकताना पेर्मेस्सो. आणि प्रेऽगो हा शब्द सगळीकडे ऐकू येईल, 'ग्रात्स्ये' ला उत्तर, 'आधी तुम्ही', 'बोला, काय देऊ', सगळ्याला तोच.

> सावधान, इंग्रजीची थेट सावली:
> मला गरम होतंय: ओ काल्दो. 'सोऽनो काल्दो' म्हटलं तर अर्थ भलताच, कामुक होतो, तसाच इंग्रजी 'एक्सायटेड' वरून केलेल्या 'सोऽनो एच्चिताऽतो' चाही. भूक लागली: ओ फाऽमे, तहान लागली: ओ सेऽते.
> डब्यातल्या पदार्थात प्रिझर्व्हेटिव्ह आहेत का विचारताना 'प्रेझेर्वातीऽवि' म्हणू नका, त्याचा अर्थ निरोध. शब्द आहे कोन्सेर्वान्ति.
> नळावर सी लिहिलंय ते काल्दो, म्हणजे गरम. थंड म्हणजे फ्रेद्दो, एफ. लहान मुलांचे हात धुताना हे आधी बघा.

## टप्पा 7: खाणं, विशेषतः शाकाहारी असाल तर

सोऽनो वेजेतार्याऽनो (पुरुष), वेजेतार्याऽना (बाई), स्याऽमो वेजेतार्याऽनि (आम्ही सगळे). एवढं सांगून थांबू नका, कारण त्यात अंडं आणि चीज येतंच. पुढे जोडा: नोन मान्जो कार्ने, पेश्शे, वोऽवा. मांस, मासे, अंडी खात नाही. जैन मंडळींसाठी: सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला.

मग बारीक गोष्टी. ताल्यातेल्ले, लाझान्ये यासारखा ताजा पास्ता बरेचदा अंड्याचा असतो, मेनूवर किंवा पाकिटावर 'आल्ल्वोऽवो' दिसलं की अंडं. वाळवलेले स्पागेत्ति, पेन्ने सहसा रवा आणि पाण्याचेच. रिझोत्तो दिसायला भाताचा असला तरी ब्रोऽदो दि कार्ने, मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, मिलाऽनो चा केशरी रिझोत्तो तर मुळात तसाच करतात, त्यामुळे विचारा: चे ब्रोऽदो दि कार्ने? पार्मिजाऽनो रेज्जाऽनो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने लावतात, काटेकोर शाकाहारी लोकांनी हे आधीच माहीत करून ठरवावं, टेबलावर किसणी फिरायला लागल्यावर नाही.

पित्त्सा मारिनाऽरा नाव ऐकून लोक घाबरतात, त्यात मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बास, चीजसुद्धा नाही. मासे असतात ते आच्चूऽगे किंवा आलीऽचि लिहिलेल्या पित्त्सावर.

पेपेरोऽनि म्हणजे ढोबळी मिरची. अमेरिकन सवयीने पेपरोनी मागणाऱ्याला ढोबळी मिरचीचा पित्त्सा मिळतो, आणि शाकाहारी लोक तेच नाव वाचून तो टाळतात, दोघांचंही नुकसान. तिखट पाहिजे तर पेपेरोन्चीऽनो किंवा ओल्यो पिक्कान्ते, मिरचीचं तेल, मागा, पित्त्साच्या दुकानात बहुतेक मिळतं.

कॉफी: ऊन काफ्फे म्हणजे छोटा कडक एस्प्रेसो. लात्ते मागितलंत तर दूध येईल, नुसतं दूध. दुधाची कॉफी हवी तर काफ्फेलात्ते, काप्पुच्चीऽनो किंवा लात्ते माक्क्याऽतो. मुलांसाठी गरम दूध मात्र याच शब्दाने: लात्ते काल्दो. पाणी मागितलं की वेटर विचारतो नातुराऽले का फ्रिद्द्झान्ते, साधं का बुडबुड्यांचं. बिल: इल कोन्तो, पेर फावोऽरे. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर ते टेबलावर बसण्याचे माणशी पैसे, वेटरने फसवलं म्हणून भांडू नका, मेनूवर लिहिलेलं असतं.

## टप्पा 8: पाट्या आणि आकडे, पटकन

आपेर्तो उघडं, क्यूऽसो बंद (आता सी-एच-आय दिसलं की क येतोय ना?), स्पिन्जेरे ढकला, तिराऽरे ओढा, ग्वास्तो बिघडलंय, वियेताऽतो मनाई. स्टेशनवर बिनाऽर्यो प्लॅटफॉर्म, रितार्दो उशीर, आणि शोऽपेरो म्हणजे संप, हा शब्द बोर्डावर दिसला की दुसरी सोय बघायला लागा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असून दंड.

आकड्यात सेस्सान्ता साठ आणि सेत्तान्ता सत्तर हीच जोडी गळा कापते, ऐकताना स्स का त्त यावर कान द्या, शंका आली तर फोनवर आकडा टाइप करून दाखवा. किंमतीत पॉइंटच्या जागी स्वल्पविराम असतो, 2,50 म्हणजे दूऽए ए चिन्क्वान्ता.

अडचण आली तर 112. ओरडायला आयूऽतो, दवाखान्याचा तातडीचा विभाग प्रोन्तो सोक्कोर्सो.

## टप्पा 9: स्वतःचं नाव

हे कुणी शिकवत नाही आणि रोज लागतं. टप्पा दोनचे नियम आता आपल्या नावांना लावून बघा. चव्हाण चं सी-एच म्हणजे क, कावान अशी हाक येणार. चिन्मय किन्माइ, सचिन साकिन. गीता जीता होते, स्पेलिंग डबल ई चं असेल तर जेएता. हेमंत चा एच गेला, एमान्त. वेटिंग रूममध्ये 'चव्हाण' ऐकू यायची वाट बघत बसलात तर नंबर निघून जाईल.

पुढचा प्रश्न येतो: कोऽमे सि स्क्रीऽवे? स्पेलिंग काय? आणि इथे इंग्रजी अक्षरं सांगितली की सगळं फिस्कटतं, कारण इंग्रजी 'ए' हा इटालियन कानाला ई हे अक्षर वाटतं आणि इंग्रजी 'ई' हे आय. आपटे नाव ए-पी-टी-ई असं सांगितलंत तर कागदावर एप्ति उमटतं. बरोबर असं: आ, पि, ति, ए.

नावात लागणारी बाकीची अक्षरं: सी चि, जी जि, एच आक्का, आय इ, जे इ लुन्गा, के काप्पा, एल एल्ले, एम एम्मे, एन एन्ने, आर एर्रे, एस एस्से, व्ही वु, डब्ल्यू दोप्प्या वु, वाय इप्सिलोन, झेड द्झेऽता. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही इटालियनच्या मूळ 21 अक्षरांत नाहीत, त्यामुळे जोशी, काळे, यादव यांनी ही नावं आधी पाठ करावीत. फोनवर नीट ऐकू येत नसेल तर ते लोक शहरांची नावं वापरतात: आ कोऽमे आन्कोऽना, दि कोऽमे दोमोदोस्सोला, एन्ने कोऽमे नाऽपोलि.

तपासणी: नाव, आडनाव आणि ईमेल पत्ता न अडखळता इटालियन अक्षरांत सांगा, आणि कोणालातरी ते ऐकून रोमनमध्ये लिहायला लावा.

> सावधान: शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांनी सोयीसाठी सरकारी कागदावर नावाचं इटालियन स्पेलिंग करू देऊ नये. कोऽदिचे फिस्काऽले, म्हणजे तिथला कर क्रमांक, नाव आणि आडनावाच्या अक्षरांवरून, जन्मतारीख आणि जन्मस्थळ घालून बनतो, त्यामुळे आडनावातलं एक अक्षर बदललं तर अख्खा कोड बदलू शकतो. कागद हातात आला की खिडकीपाशी उभं राहूनच एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा, मागची रांग कुरकुरली तर स्कूऽझि म्हणा आणि वाचत रहा.